उजव्या पट्ट्याचा धावदोरा

काळजीला या जगात तोटा नाही, असं लोक म्हणतात. ताईचं मत वेगळं होतं. तिच्या मते या घरात काळजी होती मोजकीच, आणि गेली चौतीस वर्षं ती सगळीच्या सगळी धाकटीच्या ताटात वाढली जात होती. थोरलीच्या वाट्याला यायची ती कामं.

धाकटीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकलीच नाही. थोरलीला मात्र सगळेच ताई म्हणत. आई ताई म्हणे, मावशी ताई म्हणे, समोरच्या दुकानातले चष्मेवाले काका वयाने तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. घराच्या खालच्या मजल्यावर तिचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं. तुटलेल्या चेन, उसवलेले कोपरे, निखळलेल्या मुठी हे सगळं तिच्याकडे यायचं आणि धडधाकट होऊन परत जायचं. ताईच्या हातची शिलाई उसवली, असं म्हणायला कोणी दारात आलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर आई आणि दोघी मुली राहत. त्यातली एक घरात असे, दुसरी बहुतेक वेळा नसे.

यंदा भिंगरीने जाहीर केलं की ती नऊ दिवस एकटी रानात चालत जाणार. वाटेत गाव नाही, रस्ता नाही, फोनला रेंज नाही. पाचव्या दिवशी वनखात्याची एक चौकी लागते, तिथून फोन करीन म्हणाली. बस्स. जेवणाच्या टेबलावर तिने नकाशा पसरला आणि बोटाने वाट दाखवायला लागली. सातव्या दिवसाच्या वाटेवर तिचं बोट थांबलं.

"इथे कडा आहे. वाट जेमतेम दोन पावलं रुंद. इथे पाठीवरचं ओझं एका बाजूला कललं की माणूस गेलाच."

"अगं बाई!" आई म्हणाली आणि तिने जेवणच सोडलं.

ताईने आईचं ताट उचललं, घासलं आणि जागेवर ठेवलं. त्याच आठवड्यात ताईला दोनदा चक्कर आली होती. एकदा तर मशीनवरच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पाच मिनिटं टेबलावर डोकं टेकून बसली होती. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पाणी पी जरा. तुझं काय बाई, तू खंबीर आहेस." त्या दिवशी आई पोटभर जेवली होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी भिंगरीची पाठीवरची मोठी बॅग दुकानात आली. दोन्ही पट्टे खांद्याजवळ विरले होते. ताईने जुनी शिलाई उसवली, नवे जाड पट्टे कापले आणि आधी दोन्ही बाजूंना धावदोरा घातला. धावदोरा म्हणजे कच्चा टाका. शिवायच्या आधी कापड जागेवर धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्यावरून मग जाड दोऱ्याची पक्की शिलाई घ्यायची, चौकोन आणि मध्ये फुली. डाव्या पट्ट्याचा चौकोन झाला, फुली झाली. उजवा पट्टा मशीनखाली घ्यायचा, तेवढ्यात आई जिना उतरून खाली आली.

आई दुकानात फारशी येत नसे. सांधे दुखतात म्हणे. दुकानाच्या पंचवीस वर्षांत ती किती वेळा खाली आली, हे ताईने बोटांवर मोजून दाखवलं असतं.

"नीट शिव गं," आई म्हणाली. "तिचा जीव आहे त्याच्यावर."

"मी कधी नीट शिवत नाही?"

"तसं नाही गं. पण ही तिची आहे ना."

ही तिची आहे ना. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने बॅगेवरून असा हात फिरवला, जणू आतमध्ये भिंगरीच झोपली आहे, आणि मग ती सांध्यांना बोल लावत वर गेली. ताईने उजवा पट्टा तसाच ठेवला, त्याच्यावर चामड्याचं झाकण बसवलं, झाकणाच्या कडेने बारीक सुरेख टीप मारली आणि दिवा बंद केला. उद्या सकाळी झाकण काढून पक्कं करू, असं तिने स्वतःला सांगितलं. झाकण आधी आणि शिलाई नंतर, असं तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं.

सकाळी भिंगरीची बस लवकरची होती. ताई खाली आली तेव्हा बॅग भरून भिंगरीच्या पाठीवर चढलीसुद्धा होती. ताई तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेली. सांगणार होती. अगदी ओठांवर आलं होतं, की थांब, उजवा पट्टा कच्चा आहे, पुढच्या बसने जा. तेवढ्यात मागून आई आली, दम लागलेली, हातात तिची जांभळी लोकरीची शाल. ती शाल आईच्या कपाटात वरच्या खणात असे. ताईने गेल्या हिवाळ्यात मागितली होती, तेव्हा आई म्हणाली होती, "राहू दे, खराब होईल."

आईने ती शाल भिंगरीच्या गळ्यात गुंडाळली.

"खराब होईल," ताई म्हणाली.

"होऊ दे," आई म्हणाली.

ताईने तोंड मिटलं. बस आली. भिंगरीने खिडकीतून दोघींना हात केला आणि बस वळणावरून गेली. ताई तिथेच उभी राहिली. आपण काय केलं हे तिला तेव्हाच कळलं होतं. पुढे कितीही वेळा तिने स्वतःला समजावलं की गडबडीत राहून गेलं, तरी ते खरं नव्हतं. ती विसरली नव्हती. ती जळत होती.

मग सुरू झाला काळजीचा उत्सव. आईने नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. ताईच्या डब्यातून लाल डोक्याची टाचणी मागून घेतली आणि रोज सकाळी ती एक एक बोट पुढे सरकवू लागली. नकाशा बघायला माणसं येऊ लागली. चष्मेवाले काका भिंग घेऊन आले आणि ओढे मोजून गेले. मावशी रोज दोनदा फोन करायची. तिने कुठेतरी अस्वलांविषयी वाचलं होतं.

"एकट्या बाईने असं जावं का?" काका म्हणाले.

"मी किती सांगितलं!" आई म्हणाली. खरं तर तिने काहीच सांगितलं नव्हतं, शाल दिली होती.

"अस्वल समोर आलं तर पळायचं नाही म्हणे," काका म्हणाले. ते स्वतः रस्त्यावरच्या कुत्र्याला बघून फुटपाथ बदलत. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! कोणी सापाची काळजी केली, कोणी पावसाची, कोणी पाय मुरगळण्याची. ताई सगळ्यांना चहा देत होती. येणारा प्रत्येक जण कप घेताना तिच्याकडे बघून म्हणे, "बरं आहे बाई, तू तरी घरी आहेस." आणि मग पुन्हा नकाशाकडे वळे.

ताईला हसू यायचं. सगळी मंडळी नको त्या गोष्टींना भीत होती. भ्यायची खरी गोष्ट एकच होती आणि ती तिला एकटीलाच माहीत होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथे वैऱ्याला चिंतायची गरजच नव्हती, तो घरात बसून चहा गाळत होता.

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, एवढं होऊनही तिची जळजळ थांबली नव्हती. चौथ्या दिवशी तिला पुन्हा चक्कर आली. ओट्याला धरून ती उभी राहिली. आई तिच्यापासून दोन हातांवर होती, पण तिची पाठ होती. आई टाचणी सरकवत होती.

"आज कुठे झोपली असेल गं ती?" आईने विचारलं.

"तंबूत," ताई म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. आईने उचलला, कारण त्या दिवशी तिने फोन मांडीवरच ठेवला होता. भिंगरीचा आवाज खरखरीतून तुकड्यातुकड्यांनी येत होता. ठीक आहे, जेवली आहे, हवा चांगली आहे. आई रडत आणि हसत होती. मग आई म्हणाली, "काय? ताईला? हो, सांगते. बॅगेचं काय? हॅलो? हॅलो?"

फोन कटला होता.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"ताईला विचार म्हणाली. बॅगेचं काहीतरी म्हणत होती. छान झाली म्हणत असेल." आईने डोळे पुसले. "आवाज किती बारीक झालाय पोरीचा. धड जेवत नसणार."

ताईचा जीव टांगणीला लागला. तिने उलट फोन लावला, लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर आतून ओढून तिने वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा कारकून काहीतरी खात होता.

"माझी बहीण एकटी गेलीय," ताई म्हणाली. "तिच्या बॅगेचा उजवा पट्टा कच्चा आहे. तिला कड्यावर जाऊ देऊ नका."

"चौकीवरून कधी निघाल्या त्या?"

"काल."

"मग आता निरोप पोचायचा नाही, बाई. पुढे आमचं माणूस नाही." कारकून समजुतीच्या आवाजात बोलत होता. "हे बघा, घरच्यांना काळजी वाटतेच. आम्हाला रोज असे दहा फोन येतात. कोणाला बूट घट्ट वाटतात, कोणाला टोपी पातळ. नका एवढं मनाला लावून घेऊ."

"अहो, ही तसली काळजी नाही. मी शिवलाय तो पट्टा. मला माहितेय."

"सगळे असंच म्हणतात," कारकून म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने धाकटीची काळजी केली होती, मनापासून, आतडं पिळवटून, आणि ती दहा फोनांतला अकरावा फोन होऊन बसली. तिने फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकलं. या वेळी चक्कर आली नव्हती.

सातव्या दिवशी आईने टाचणी कड्यावर खोचली. ताईच्या हातून त्या दिवशी एकही काम धड झालं नाही. एका गिऱ्हाइकाच्या बॅगेची चेन तिने उलटी बसवली आणि पुन्हा उसवली. दुपारी वर येऊन ती नकाशासमोर उभी राहिली. तिच्याच डब्यातली टाचणी, तिनेच दिलेली. आई मागून आली आणि म्हणाली, "तुलाही काळजी वाटते ना गं? दाखवत नाहीस तू." ताईला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ती तशीच खाली दुकानात गेली. आठव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी सकाळपासून आई खिडकीत बसली.

आणि नवव्या दिवशी दुपारी भिंगरी आली.

उन्हाने रापलेली, नाकाची सालं निघालेली, एका पायाने लंगडत. गळ्यात जांभळी शाल, तिला दोन ठिकाणी भोकं. आई खाली धावली, सांध्यांचं नावही निघालं नाही. काका रस्ता ओलांडून आले. मावशीला फोन लागला. भिंगरीने दुकानातच बॅग टाकली आणि सगळा लवाजमा तिला घेऊन वर गेला. ताईला कोणी बोलावलं नाही, आणि या वेळी तिला त्याचं काही वाटलंही नाही. जिवंत आहे, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

बऱ्याच वेळाने तिने बॅग टेबलावर घेतली.

चामड्याचं झाकण एका बाजूने कापलेलं होतं. ताईने ते उचललं. खाली उजव्या पट्ट्यावर हिरव्या जाड दोऱ्याचे टाके होते. तंबूच्या दोरीचे धागे सोडवून घातलेले, वेडेवाकडे, काही एकावर एक चढलेले. वाकडा चौकोन. मध्ये वाकडी फुली. भिंगरी दहा वर्षांची असताना ताईने तिला हे याच टेबलावर शिकवलं होतं आणि तिचा चौकोन तेव्हाही वाकडाच यायचा. हिरव्या टाक्यांच्या खालून ताईचा पांढरा धावदोरा दिसत होता, तीन ठिकाणी तुटलेला.

"पहिल्याच चढावर सुटायला लागला," मागून आवाज आला. भिंगरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, ओले केस, आईचा गाऊन, गळ्यात पुन्हा ती शाल. "पट्टा सैल लागला म्हणून झाकण कापून बघितलं. दीड तास शिवत बसले. हाताची चाळण झाली."

ताईने झाकण पुन्हा टाक्यांवर पाडलं.

"वर कोणाला सांगितलं नाही मी," भिंगरी म्हणाली. "आईला तर नाहीच. पण ताई, तुला काय झालंय?"

"मला?"

"तू आणि कच्चा टाका? शक्य आहे का? तू डबा ठेवायच्या पिशवीलाही दुहेरी शिलाई घालतेस. मला वाटलं, हिला बरं नाही. नक्की काहीतरी मोठं आहे आणि कोणाला सांगत नाहीये. चौकीवरून आईला तेच म्हणत होते, की बॅगेचं काम बघून मला भीती वाटतेय, ताईला विचार, बरी आहे ना ती. फोनच कटला मेला." तिने स्टूल ओढलं आणि बसली. "नऊ दिवस तेच डोक्यात. कड्यावरसुद्धा. म्हटलं, मी इथे मजेत फिरतेय आणि ती तिकडे मशीनवर पडली तर? आईला कळणारसुद्धा नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊ आपण. मी येते बरोबर."

जे ऐकण्यासाठी ताई आयुष्यभर कान देऊन बसली होती, ते आलं होतं. तेही कुठून, तर एका कड्यावरून. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. चक्कर तर खरंच येत होती. उद्या डॉक्टर, परवा मावशीचे फोन, भिंतीवर कदाचित ताईच्या औषधांचा कागद. तिला ते फार हवं होतं.

"मला चक्कर येते," ती म्हणाली. "पण त्याने नाही झालं. मला माहीत होतं पट्टा कच्चा आहे. बसथांब्यावर सांगणार होते. आईने तुला शाल दिली आणि मी गप्प बसले."

वरून आईचा हसण्याचा आवाज आला, काका पुन्हा अस्वलाचं काहीतरी सांगत होते.

"शालीवरून?" भिंगरीने विचारलं.

"हो. शालीवरून. आणि सगळ्यावरून."

"पडले असते मी."

"हो."

"मेले असते, ताई."

"हो," ताई म्हणाली. क्षमा मागायचा धीर तिला झाला नाही. ज्या गोष्टीची मागायची ती तिच्यासमोर टेबलावर हिरव्या दोऱ्यात पडली होती.

भिंगरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नऊ दिवस रानात न घाबरलेली बाई या छोट्याशा खोलीत, उजेडात, आपल्याच बहिणीसमोर घाबरलेली दिसत होती. ती उठली. आता ही वर जाणार आणि सगळ्यांना सांगणार, असं ताईला वाटलं, आणि तसं झालं तर ते बरोबरच होईल असंही वाटलं. भिंगरीने गळ्यातली शाल काढली, घडी न घालता टेबलाच्या कोपऱ्यावर टाकली आणि बॅग ढकलून मशीनच्या सुईखाली सरकवली.

"शिव," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. मी बघत उभी राहते."

ताईने हिरवे टाके उसवले. मग आपला पांढरा धावदोरा उसवला, एक एक तुकडा काढून बाजूला ठेवला. मशीनमध्ये जाड दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या. भिंगरी मदतीला आली नाही. हाताची घडी घालून ती अगदी जवळ उभी होती, इतकी की तिच्या ओल्या केसांचं पाणी टेबलावर ठिबकत होतं. ताईने पायपट्टी दाबली. चौकोनाची पहिली बाजू सरळ आली. दुसऱ्या बाजूला तिला सुई नीट दिसेना, डोळे भरून आले होते, पण हात थांबवायची तिची हिंमत नव्हती. बोटं सुईच्या फार जवळ गेली.

"हळू," भिंगरी म्हणाली. ती अजून रागात होती. "बोट सांभाळ."